बंदिवानाचें अपील

धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत असत, आणि अमळनेरच्या शाळेंतील शिक्षकाची नोकरी सोडून सत्याग्रहांत उतरलेले साने गुरुजी तें बोलणें भराभर लिहून घेत असत. अठरा रविवार आणि अठरा अध्याय. तीं टिपणें पुढें ‘गीता-प्रवचनें’ या नांवानें पुस्तकरूप झालीं आणि देशाच्या अनेक भाषांत गेलीं. खानदेशांतील घरांना ही हकीकत नवी नाहीं. परंतु तिच्याकडे आणखी एका बाजूनें पाहतां येतें. बंदिवानाच्या हातचा कागद, मग तो पुस्तकाचा असो, घरच्या पत्राचा असो कीं कोर्टाच्या अर्जाचा असो, तुरुंगाच्या दारांतून बाहेर पडतो तो कोणाच्या तरी परवानगीनेंच. ती परवानगी नाकारली तर त्यानें काय करावें? आणि नाकारल्याबद्दल कोर्टांत दाद मागितली व कोर्टानेंहि अर्ज फेटाळून लावला, तर मग कोठें जावें?

१९३२ सालीं या प्रश्नांना फारसा अर्थ नव्हता. परकी सरकारनें ज्याला कोंडलें त्याचे हक्क कोणते, हें सांगणारी राज्यघटना देशांत नव्हती. तुरुंगाचे नियम होते, आणि ते राबविणारा अधिकारी भला असला तर दिवस बरे जात. २६ जानेवारी १९५० पासून ही स्थिति बदलली. घटनेच्या २२६ व्या कलमान्वयें हायकोर्टाकडे आणि ३२ व्या कलमान्वयें थेट सुप्रीम कोर्टाकडे जाऊन सरकारच्या बेकायदा कृत्याविरुद्ध हुकूम मागण्याचा मार्ग खुला झाला. आणि भिंतीच्या आंत गेल्यानें माणसाचें नागरिकत्व संपतें, असें त्या घटनेंत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

येथें सुशिक्षित घरांतूनहि एक आक्षेप हटकून निघतो. ज्यानें दुसऱ्याच्या घरावर दरोडा घातला त्यानें स्वतःच्या हक्कांविषयीं बोलावें काय? आक्षेप स्वाभाविक आहे, पण त्यांत दोन गोष्टी विसरल्या जातात. जिल्ह्याच्या तुरुंगांतले बहुसंख्य लोक कच्चे कैदी असतात. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा असतो. आणि ज्यांचा झालेला असतो त्यांना न्यायाधीशानें शिक्षा मोजून सांगितलेली असते. तीन वर्षांची कैद म्हणजे तीन वर्षांची कैद. तिच्यांत मारहाण, आजारांत औषध न मिळणें, पत्र दडपून ठेवणें, हीं भरीला घालण्याचा अधिकार खुद्द न्यायाधीशालाहि नसतो. मग तो पहाऱ्यावरच्या शिपायाला कोठून येणार?

आतां अर्ज फेटाळले जाण्याची गोष्ट. १९६२ च्या ऑक्टोबरांत चीनशीं युद्ध पेटलें. २६ तारखेस राष्ट्रपतींनीं आणीबाणी जाहीर केली, आणि ३ नोव्हेंबरच्या हुकुमानें असें ठरविलें कीं, भारत संरक्षणाच्या नव्या कायद्याखालीं व त्याच्या नियमांखालीं ज्याचें स्वातंत्र्य हिरावलें जाईल त्याला कांहीं मूलभूत हक्कांच्या आधारें कोर्टाकडे जातां येणार नाहीं. त्यानंतर देशांत अनेक राजकीय कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. त्यांच्यावर खटला नव्हता, आरोपपत्र नव्हतें, शिक्षेची मुदतहि नव्हती. त्यांपैकीं कित्येकांनीं मुंबई व पंजाब येथील हायकोर्टांत सुटकेचे अर्ज केले. दोन्ही कोर्टांनीं ते फेटाळले. फेटाळणीविरुद्ध एकंदर २६ अपिलें दिल्लीस सुप्रीम कोर्टांत गेलीं, आणि त्यांतलीं १७ एकट्या मुंबई हायकोर्टाच्या निकालांवरचीं होतीं. हाच मखनसिंग विरुद्ध पंजाब सरकार या नांवानें ओळखला जाणारा खटला होय. सात न्यायमूर्तींच्या पीठापुढें तो चालला आणि २ सप्टेंबर १९६३ रोजीं त्याचा निकाल लागला.

बहुमताचा निकाल साताऱ्याकडील न्या. गजेंद्रगडकर यांनीं लिहिला. अपिलें फेटाळलीं गेलीं. न्या. सुब्बाराव यांनीं तेवढें निराळें मत नोंदविलें. वर्तमानपत्राचा मथळा वाचून बाजूला ठेवणाऱ्याला एवढेंच दिसलें असेल कीं, कैदी हरले आणि सरकार जिंकलें. परंतु निकालपत्र पुढें वाचणाऱ्यास त्यांत एक फट सांपडली असती. राष्ट्रपतींच्या हुकुमानें बंद झालेला दरवाजा कोणता आणि उघडा राहिलेला कोणता, हें न्यायमूर्तींनीं नेमकें सांगून ठेवलें होतें. ज्या मूलभूत हक्कांचीं नांवें त्या हुकुमांत होतीं त्यांच्यापुरती मनाई होती. स्थानबद्धतेचा हुकूम दुष्ट हेतूनें काढला आहे, किंवा त्या कायद्यानेंच घातलेल्या सक्तीच्या अटी सरकारनें पाळलेल्या नाहींत, अशी तक्रार असेल तर कोर्टाचें दार बंद नव्हतें. म्हणजे सरकारला मिळालेली ढाल त्या कायद्याच्या मापाचीच होती. त्याच्या बाहेर जाऊन केलेल्या कृत्याला ती पुरणार नव्हती.

दोन वर्षांच्या आंत ही फट उपयोगीं पडली. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे मुंबईंतील कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखालीं मुंबईच्या तुरुंगांत स्थानबद्ध होते. तेथें त्यांनीं सरकारच्या परवानगीनें मराठींत एक पुस्तक लिहिलें. विषय राजकारणाचा नव्हता. ‘अणूच्या अंतरंगांत’ हें त्याचें नांव, आणि अणूच्या आंतील मूलकणांची माहिती सामान्य वाचकास करून द्यावी, हा त्याचा हेतु. सप्टेंबर १९६४ मध्यें त्यांनीं हस्तलिखित छापण्यासाठीं बाहेर पाठविण्याची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्यें सरकारचें उत्तर आलें: नाहीं. आर्थर रोड तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला, तेथेंहि नकारच मिळाला. पुस्तक लिहावयास हरकत नव्हती, पण तें दाराबाहेर न्यावयास हरकत होती! तेव्हां ते २२६ व्या कलमाखालीं मुंबई हायकोर्टांत गेले. हायकोर्टानें पुस्तकाची विषयवारी पाहिली, तें निव्वळ शास्त्रीय आहे असें मत दिलें आणि हस्तलिखित बाहेर जाऊं द्यावें असा हुकूम केला. या वेळीं अपील करण्याची पाळी सरकारवर आली.

सुप्रीम कोर्टांत सरकारच्या बाजूनें झालेला युक्तिवाद बारकाईनें पाहण्यासारखा आहे. या पुस्तकानें देशाच्या संरक्षणास धोका पोंचेल, असें सरकारनें म्हटलेंच नव्हतें. म्हणणें निराळेंच होतें, आणि खरें पाहतां अधिक भयंकर होतें. स्थानबद्ध झालेला माणूस स्वतंत्र राहत नाहीं. म्हणून सरकार ज्या सवलती देईल तेवढ्याच त्याच्या. १९५१ च्या मुंबई स्थानबद्धता अटींच्या हुकुमांत पुस्तक लिहून बाहेर पाठविण्याची सवलत दिलेली नाहीं. सबब तो हक्क त्याला नाहीं. या न्यायानें पाहिलें तर माणूस तुरुंगांत पाऊल टाकतो तेव्हां त्याची पाटी कोरी होते, आणि सरकार तिच्यावर जें लिहील तेवढेंच त्याचें.

सप्टेंबर १९६५ मध्यें निकाल लागला. तो लिहिला न्या. सुब्बाराव यांनीं, ज्यांनीं दोन वर्षांपूर्वीं भिन्न मत दिलें होतें त्यांनींच. त्यांनीं सरकारचा युक्तिवाद उलटा फिरविला. त्या हुकुमांतल्या अटी या सवलती नव्हेत, तीं बंधनें आहेत. जें बंधन नियमांत लिहिलेलें नाहीं तें अधिकाऱ्याला आपल्या मर्जीनें घालतां येणार नाहीं. पुस्तक बाहेर पाठवूं नये असा नियम नव्हता. म्हणून अडवणूक कायद्याबाहेरची होती. आणि ती कायद्याबाहेरची असल्यामुळें राष्ट्रपतींच्या हुकुमाची ढालहि तिच्या कामीं आली नाहीं. सरकारचें अपील फेटाळलें गेलें. १९६३ सालीं हरलेल्या सतरा अपिलांमागचीं माणसें आणि १९६५ सालीं मोकळें झालेलें हस्तलिखित यांचा संबंध कोणी मुद्दाम सांगत नाहीं, परंतु तो आहे.

पुढें याच वाटेवर मोठा खड्डा लागला. १९७५ च्या आणीबाणींत अनेक हायकोर्टांनीं, नागपूरच्या खंडपीठानेंहि, स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेतां येतात असें ठरविलें. सरकारनें अपील केलें आणि २८ एप्रिल १९७६ रोजीं सुप्रीम कोर्टानें चार विरुद्ध एक मतांनीं त्या सर्व हायकोर्टांचे निकाल फिरविले. एक मत न्या. खन्ना यांचें. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनें जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं असें झालें, आणि २०१७ सालीं सुप्रीम कोर्टानें स्वतःच तो १९७६ चा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. चूक दुरुस्त होण्यास एकेचाळीस वर्षें लागलीं. ज्यांचे अर्ज त्या दिवशीं बुडाले त्यांना त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

येथवरच्या खटल्यांत वकील होते, पक्ष होते, वर्तमानपत्रें होतीं. सामान्य कैद्याचें अपील बहुधा इतक्या मोठ्या तत्त्वावर अडत नाहीं. तें एका कागदावर अडतें. हें ज्या खटल्यानें उघड केलें तो होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा १९७८ चा खटला. एका विद्यापीठांतील अध्यापकास बनावट पदवीपत्रांच्या प्रकरणांत मुंबई हायकोर्टानें १९७३ सालीं तीन वर्षांची सक्तमजुरी सांगितली. सुप्रीम कोर्टांत त्याचा अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक उशिरानें, शिक्षा भोगून झाल्यावर. उशीर कां? तो म्हणाला, निकालाची नक्कल मला मिळालीच नाहीं. तुरुंगाकडून उत्तर आलें कीं, कारकुनानें ती दिली होती, पण राज्यपालांकडे करावयाच्या दयेच्या अर्जास जोडण्यासाठीं परत घेतली. कैद्याची सही असलेली पोंच मात्र नव्हती.

हा अर्जहि फेटाळला गेला. गुन्ह्याविषयीं कोर्टाला शंका नव्हती. परंतु न्या. कृष्ण अय्यर यांनीं तेथें थांबावयाचें नाकारलें. अपिलाचा हक्क कायद्यानें द्यावा आणि अपिलास लागणारा कागद तुरुंगाच्या कचेरींत हरवावा, तर तो हक्क दिला असें म्हणतां येत नाहीं. म्हणून त्यांनीं बंधन घातलें: शिक्षा झालेल्या कैद्यास निकालाची नक्कल तातडीनें व फुकट मिळाली पाहिजे, ती तुरुंगाच्या पत्त्यावर आली असेल तर अधिकाऱ्यानें ती कैद्याच्या हातीं देऊन लेखी पोंच घेतली पाहिजे, अपील करण्याच्या सोयी दिल्या पाहिजेत, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर योग्य प्रसंगीं कोर्टानें तो नेमून त्याचा खर्च सरकारनें सोसला पाहिजे. पुन्हा तोच प्रकार घडला. अर्जदार हरला, पण त्याच्या मागून येणाऱ्यांच्या हातीं कांहीं तरी पडलें.

आतां एखाद्या बंदिवानानें तुरुंगांतील वागणुकीविरुद्ध हायकोर्टांत अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, असें समजूं. जळगांव, धुळें व १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार, हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचें छत्रपति संभाजीनगर, येथील खंडपीठाच्या कक्षेंत येतात. अर्ज फेटाळला हें ऐकून घरचीं माणसें खचतात. पण फेटाळण्याचेहि प्रकार आहेत, आणि पुढची वाट त्यावर ठरते. म्हणून निकाल ऐकून भागत नाहीं, वाचावा लागतो.

कधीं अर्ज कारणें न देतां पहिल्याच सुनावणींत काढून टाकला जातो. १९६१ सालच्या दर्याव खटल्यांत सुप्रीम कोर्टानें सांगितलें आहे कीं, हायकोर्टानें गुणदोषांचा विचार करून, कारणें देऊन अर्ज फेटाळला असेल तर तीच तक्रार ३२ व्या कलमाखालीं पुन्हा नव्यानें मांडतां येत नाहीं, अपीलच करावें लागतें. परंतु एका ओळीच्या फेटाळणीस तें वजन नाहीं. बेकायदा कैदेंतून सुटकेच्या अर्जास तर हा अडसर आणखी सैल आहे. कधीं कोर्ट म्हणतें, अगोदर वरिष्ठ तुरुंगाधिकाऱ्याकडे किंवा सत्र न्यायालयाकडे जा. हा पराभव नव्हे, हा पत्ता बदलणें होय. कधीं असें होतें कीं कैदी म्हणतो मला मारलें, अधिकारी म्हणतो तो पडला, आणि कोर्ट म्हणतें कीं या वादाला साक्षीपुरावा लागेल, तो रिट अर्जांत घेतां येत नाहीं, दिवाणी दावा करा. या तिसऱ्या प्रकारांत वाट लांबते. सरकारवर दावा करण्यापूर्वीं साधारणपणें दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कोर्ट-फी भरण्याची ऐपत नसेल तर अकिंचन म्हणून दावा करण्याची परवानगी मागतां येते. आणि दावा खालच्या कोर्टांत बुडाला तर जिल्हा कोर्टांत अपिलाची मुदत ३० दिवसांची, हायकोर्टांत ९० दिवसांची. तरीहि भरपाईसाठीं रिट अर्ज सर्वस्वीं निरुपयोगी आहे असें नाहीं. बिहारांत १९६८ सालीं निर्दोष ठरलेला रुदुल साह १९८२ पर्यंत तुरुंगांतच होता. त्याच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानें १९८३ सालीं भरपाई देवविली, आणि ती वाट तेव्हांपासून वहिवाटींत आहे.

हायकोर्टाचा निकाल पटला नाहीं तर घटनेच्या १३६ व्या कलमाखालीं सुप्रीम कोर्टाकडे विशेष परवानगीचा अर्ज करावयाचा असतो. त्याची मुदत सामान्यतः निकालापासून ९० दिवसांची. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस तींतून वजा होतात. येथें कायद्याचा एक कठोरपणा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मुदतीच्या कायद्यानें अज्ञान मुलाला आणि वेड लागलेल्या माणसाला दावा लावण्यास अधिक वेळ दिला आहे. तुरुंगांत असलेल्याला दिलेला नाहीं. ज्याला टपालाची पेटी दृष्टीस पडत नाहीं त्याच्यासाठीं घड्याळ बाहेरच्याच वेगानें चालतें. अपिलास उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेतां येतो, आणि कैद हें कारण ऐकलें जाऊं शकतें. पण दावाच मुदतीबाहेर गेला तर तीहि सोय नाहीं.

अमेरिकेंत याच प्रश्नाचें उत्तर १९८८ सालीं एका कैद्यानें मिळविलें. अपिलाची मुदत ३० दिवसांची होती. निकालानंतर सत्ताविसाव्या दिवशीं त्यानें अपिलाची नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातीं दिली. कोर्टाच्या कचेरींत तिच्यावर शिक्का पडला तो एकतिसाव्या दिवशीं. एका दिवसासाठीं अपील बाद झालें. तेथील सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं तें पुन्हा जिवंत केलें. कारण साधें होतें: बाहेरचा माणूस टपालास उशीर होतोसें दिसलें तर स्वतः कोर्टांत जाऊन कागद देऊं शकतो, कैदी तसें करूं शकत नाहीं, म्हणून त्यानें कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या हातीं दिला तोच दाखल झाल्याचा दिवस धरावा. पांच विरुद्ध चार, म्हणजे एवढी उघड गोष्टहि चौघांना पटली नाहीं.

आपल्याकडेहि वकील नसलेल्या कैद्याला फौजदारी अपील किंवा विशेष परवानगीचा अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे देतां येतो, व तो पुढें पाठविणें हें अधिकाऱ्याचें काम असतें. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें कोठडींत असलेल्या कोणत्याहि माणसास, त्याचें उत्पन्न कितीहि असलें तरी, फुकट वकील मागण्याचा हक्क आहे. जळगांव व धुळें येथें जिल्हा प्राधिकरणें आहेत, खंडपीठासाठीं व सुप्रीम कोर्टासाठीं निराळ्या समित्या आहेत. मागणी मात्र कोणी तरी करावी लागते. भिंतीआडचा माणूस अनेकदां निरक्षर असतो, आणि त्याच्याकडे मुलाखतीस येणारी आई किंवा बायको जाळीच्या पलीकडून प्रकृति कशी आहे, जेवण मिळतें काय, एवढें विचारून परत फिरते; वेळहि तेवढाच असतो. त्या वेळांत आणखी तीन प्रश्न बसतात. निकालाची नक्कल हातीं आली काय? ती घेतांना पोंचेच्या वहींत सही केली ती कोणत्या तारखेची? आणि वकीलपत्रावर सही करून तें आंत कोणाच्या हातीं दिलें आहे?